नुसते अठरा तास बसून शरीररचना येत नाही

वस्तीतली मुलगी एमबीबीएस किंवा नर्सिंगला लागली की आपण विहारात तिचा सत्कार करतो. काही महिन्यांनी ती शरीररचनाशास्त्रात, म्हणजे ॲनाटॉमीत, नापास झाली की घर गप्प होते. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, तू अजून बस," एवढेच आपण सांगतो. आमच्या मते इथे आपले चुकते. मुलगी बसायला कमी पडत नाही. ती पुन्हा पुन्हा वाचते आणि ओळींखाली रेघा मारते. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, पण पुस्तक मिटले की आठवत नाही.

शरीर पाठ करण्याची रीत आपल्या धम्मपरंपरेतच आहे. देहाच्या 32 भागांचे चिंतन कसे करावे, हे आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सांगितले आहे. आधी लहान गट करायचे. केस, लोम, नखे, दात, त्वचा हा पहिला गट. तो सुलट म्हणायचा, मग उलट. आधी मोठ्याने, मग मनात. नंतर प्रत्येक भागाचा रंग, आकार, जागा आणि हद्द ध्यानात घ्यायची. तिथला हेतू देहाची आसक्ती सुटावी हा आहे, पण पद्धत परीक्षेलाही उपयोगी आहे.

मनगटाची 8 हाडे घ्या. पुस्तक मिटून ती कागदावर काढायची, नावे लिहायची, मग चुका तपासायच्या. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तेच करायचे. नावांना भिऊ नये. ती बहुतेक ग्रीक-लॅटिन आहेत, इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही परकीच. 'बायसेप्स ब्रेकिआय' म्हणजे दंडाचा दोन डोक्यांचा स्नायू, इतके सोपे.

आपले शरीर तर सोबत असतेच. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, कारण अल्नर ही नस तिथे हाडाला लागून जाते. परांचीवरून पडून दंडाचे हाड मोडलेल्या माणसाचे मनगट कधी कधी लोंबते, कारण रेडियल नस त्या हाडाला चिकटून जाते. असे जोडून शिकलेले लवकर विसरत नाही.

घरच्यांनाही काम आहे. रोज अर्धा तास मुलीने आईला आपल्या भाषेत शिकवावे. आईला इंग्रजी येत नसले तरी मुलगी कुठे अडखळली, हे तिला बरोबर कळते. तिथे खूण करावी; उद्याचा अभ्यास तिथून सुरू. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी रविवारी विहारात बसून खालच्यांना तोंडी प्रश्न विचारावेत.

"कोट्यातून आली" म्हणणारे तिला बाहेर भेटतातच. घरी तरी आपण "किती तास बसलीस?" असे न विचारता "आज काय शिकलीस, पुस्तक मिटून सांग," असे म्हणू या.