डिंबलबींचा वारसा

डिंबलबी हे आडनाव इंग्लंडात विरळाच; पण बीबीसीच्या श्रोत्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे. रिचर्ड डिंबलबी बीबीसीचे पहिले युद्धवार्ताहर. एप्रिल १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीतून त्यांनी पाठवलेले वृत्त प्रसारित करायला वरिष्ठ कचरले, तेव्हा त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली आणि जगाला ते भीषण सत्य ऐकवले. पुढे स्वतःचा कर्करोगही त्यांनी जाहीरपणे मान्य केला. त्या काळी या आजाराचे नाव घ्यायलाही लोक धजत नसत. मुलगा डेव्हिड यांनी १९९४ ते २०१८ दूरचित्रवाणीवर ‘क्वेश्चन टाइम’ हा कार्यक्रम चालवला, त्यांचे भाऊ जोनाथन यांनी रेडिओवर ‘एनी क्वेश्चन्स’. सामान्य माणसाला पुढाऱ्यांना थेट जाब विचारता यावा, म्हणून दोघे वर्षानुवर्षे उभे राहिले. आडनावाने दार उघडते. लोकांचा विश्वास मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो.