घनफळ कुणाच्या वाट्याचे?

आपल्या पाठ्यपुस्तकातील संयुक्त घनाकृती फार समजूतदार असतात. वृत्तचितीवर शंकू ठेवलेला असतो, नाही तर अर्धगोल. मापे दिलेली, सूत्रे पाठ. दोन घनफळे काढावीत, बेरीज करावी आणि पूर्ण गुण घ्यावेत. यात विद्यार्थ्याने विचार कुठे केला, हा माझा प्रश्न आहे.

खरे गणित पाहायचे तर दुधनीला जावे. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी नव्हे. दादरा-नगर हवेलीतील, सिल्वासाच्या बाजूची. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी तेथे डोंगरांच्या खोबणीखोबणीत शिरले आहे. या आकाराला नाव नाही, सूत्रही नाही. अशा जलाशयाचे घनफळ काढताना अभियंते समोच्च रेषांच्या नकाशावरून त्याचे आडवे थर कल्पितात आणि थरांची बेरीज करतात. म्हणजे ही संयुक्त घनाकृतीच. फक्त तुकडे कुठे पाडायचे, हे आपण ठरवायचे.

थर मोजण्यातही तारतम्य लागते. वरच्या व खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन खोलीने गुणणे सोपे असते, पण ते नेहमी बरोबर नसते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक वापी आहे : मुखाशी १२ व १० हात, तळाशी त्याच्या निम्मी, खोली ७ हात. सरासरीने उत्तर येते ५२५ घनहात. आचार्य मात्र मुखाचे १२० आणि तळाचे ३० यांत बाजूंच्या बेरजांचा गुणाकार, म्हणजे १८ × १५ = २७०, मिळवतात. एकूण ४२०, सहाने भागून ७ ने गुणले की ४९०. हे अचूक उत्तर. नुसत्या घाईने ३५ घनहात पाणी कागदावर वाढले होते!

मधुबनचे पाणी गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण यांच्यात वाटले जाते. असे न असलेले पाणी हिशेबात धरले, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. त्यातून धरणात गाळ साचत जातो. जुना आकडा कायम धरून चालत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : परीक्षेत आयत्या आकृती कमी कराव्यात. गावची विहीर, शेततळे, भाताची उडवी विद्यार्थ्याला मोजायला द्यावी. अर्धे गुण उत्तराला असावेत; उरलेले अर्धे, तुकडे कुठे पाडले आणि का, याला.