कलम 33 च्या शेजारी कलम 34 आहे

ठाणे, 31 ऑगस्ट 2025

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या 48 आणि राज्यसभेत गेलेल्या 19 खासदारांस,



मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. जन्म अलिबागजवळच्या एका गावातला. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात आम्ही शनवार तेली. एकतीस वर्षं मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. माझी थोरली बहीण 1974 साली इस्राएलला गेली, तेव्हापासून बेरशेबात राहते. दर शुक्रवारी, तिच्याकडे शब्बाथचे दिवे लागायच्या आधी, आम्ही दोघी फोनवर बोलतो. मराठीतच. गेली जवळजवळ दोन वर्षं ती फोन ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारते: "तुमच्याकडचं कुणी काही बोललं का गं?"

या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ धड उत्तर नाही. म्हणून हे पत्र.

7 ऑक्टोबर 2023 चा शनिवार. सकाळपासून ताईचा फोन लागत नव्हता. दुपारी लागला तेव्हा ती इमारतीच्या तळातल्या मिकलातमध्ये, म्हणजे बॉम्बपासून बचावासाठीच्या खोलीत, शेजाऱ्यांबरोबर बसली होती. तिची मुलगी, माझी भाची, सोरोका रुग्णालयात परिचारिका आहे. गाझाच्या सीमेवरच्या गावांतून आणि जवळच्याच एका नाचगाण्याच्या जत्रेतून जखमींची रीघ त्या दिवशी तिथेच लागली होती. भाची दोन दिवस घरी आली नाही. हमासने त्या दिवशी सुमारे 1200 माणसं मारली आणि 250 च्या आसपास ओलीस धरून नेली. त्यात तान्ही मुलं होती, ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्या होत्या.

त्या आठवड्यात माझ्या दाराशी दोन प्रकारचे लोक आले आणि दोघांनीही मला दुखावलं.

पहिली माझी जुनी मैत्रीण. शिक्षक संघटनेत आम्ही पंचवीस वर्षं बरोबर काम केलं, संपात शेजारी शेजारी बसलो. तिला मी ताईचं सांगायला लागले तर ती म्हणाली, "पण याला पार्श्वभूमी आहे, ती आधी समजून घे." पार्श्वभूमी मला ठाऊक आहे, मी इतिहास शिकवला आहे. 1948 साली लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले हे मी वर्गात सांगितलं आहे. पण माझी भाची जिवंत आहे का, हे कळायच्या आधी मला ते ऐकावं लागलं. पुढे तिच्या पक्षाचे मोर्चे निघाले. गाझातल्या मुलांसाठी निघाले याचं मला समाधानच आहे. पण त्यांच्या एकाही पत्रकात ओलिसांना सोडा, अशी एक ओळ मला सापडली नाही.

दुसरे आमच्या सोसायटीतले. त्यांनी व्हॉट्सअॅपच्या गटावर गाझातल्या कोसळणाऱ्या इमारतींच्या चित्रफिती टाकल्या आणि माझं अभिनंदन केलं. "तुमच्या लोकांनी दाखवून दिलं." मी लिहिलं की त्या इमारतींत माणसं राहतात. उत्तर म्हणून हसरे चेहरे आले. नंतर एक नेते आमच्या प्रार्थनास्थळात आले, मेणबत्ती लावली, छायाचित्र काढून घेतलं आणि भाषण केलं. त्या भाषणात आमच्याबद्दल फारसं काही नव्हतंच. ते इथल्याच शेजाऱ्यांबद्दल होतं, ज्यांच्या शेजारी आम्ही कोकणात शेकडो वर्षं राहिलो, ज्यांच्या मशिदींच्या बाजूलाच आमची मशीद असायची आणि जिला आम्हीही मशीदच म्हणायचो. आमच्या मेलेल्या माणसांचा उपयोग असा होईल हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

खासदार महोदय, तुमच्या संसदेने 1960 साली जिनिव्हा करार कायदा केला. 1949 चे चारही करार त्या कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडलेले आहेत, म्हणजे ते भारताच्या कायद्याच्या पुस्तकात आहेत. चौथा करार युद्धात सापडलेल्या नागरिकांचा. त्याचं कलम 33 म्हणतं की ज्याने स्वतः गुन्हा केलेला नाही त्याला शिक्षा करता येणार नाही. सामूहिक शिक्षेला बंदी आहे, सूड म्हणून केलेल्या कारवाईलाही बंदी आहे. त्याला लागून कलम 34. सगळ्या करारात याहून लहान कलम क्वचितच असेल: ओलीस धरण्यास मनाई आहे. दोन्ही एकाच पानावर वाचता येतात. माझं दुःख हे आहे की तुमच्यापैकी एका बाजूने फक्त 33 वाचलं, दुसरीने फक्त 34, आणि बहुसंख्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

9 ऑक्टोबर 2023 ला इस्राएलच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की गाझाला संपूर्ण वेढा घातला जाईल: वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. जाहीरपणे, कॅमेऱ्यासमोर. गाझा 365 चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या बृहन्मुंबईहून कितीतरी लहान. तिथे वीस लाखांहून अधिक माणसं आहेत आणि त्यांतली जवळजवळ निम्मी मुलं. वर्गात कलम 33 समजवायला मला याहून स्पष्ट उदाहरण मिळालं नसतं. या मार्चपासून पुन्हा अडीच महिने मदतीचा एक ट्रकही आत जाऊ दिला नाही. आणि आता, 22 ऑगस्टला, उपासमारीचं मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे सांगितलं. मेलेल्यांचा आकडा 60 हजारांच्या पुढे जाऊन महिना झाला.

याच ऑगस्टच्या सुरुवातीला हमासने एका ओलिसाची चित्रफीत प्रसिद्ध केली. चोवीस वर्षांचा मुलगा, बरगड्या मोजता येतील असा, बोगद्यात स्वतःची कबर खणतो आहे. ताईने ती पाहिली आणि तीन दिवस तिला जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात तिने गाझातल्या एका बाळाचं छायाचित्रही पाहिलं, तसंच, बरगड्यांचं. मला म्हणाली, "भूक एकसारखीच दिसते गं." मला हे सांगायचं आहे की बेरशेबातली एक म्हातारी, जिच्या घरापासून गाझा चाळीसेक किलोमीटरवर आहे, जिने रॉकेटांचे भोंगे वर्षानुवर्षं ऐकले आहेत, ती दोन्ही चित्रं एका श्वासात पाहू शकते. तुम्हाला दिल्लीत बसून ते का जमत नाही?

रुग्णालयांचंही तसंच. 19 जूनला इराणचं क्षेपणास्त्र भाचीच्या सोरोकावर पडलं. शस्त्रक्रियेची जुनी इमारत उद्ध्वस्त झाली. ती थोडंच आधी रिकामी केली होती म्हणून माणसं वाचली. त्या रुग्णालयात ज्यू आणि अरब डॉक्टर एकत्र काम करतात, नेगेवमधले बेदुइन रुग्ण तिथेच येतात. इस्राएलच्या मंत्र्यांनी याला युद्धगुन्हा म्हटलं आणि रुग्णालयावरचा हल्ला दुसरं काही असूच शकत नाही, हे मलाही मान्य आहे. मग गेल्या सोमवारी, 25 ऑगस्टला, खान युनिसच्या नासेर रुग्णालयावर मारा झाला. पहिल्या माऱ्यानंतर मदतीला धावलेले लोक आणि बातमीदार जिन्यावर असताना दुसरा झाला. वीस जण तरी गेले, त्यांत पाच पत्रकार. या वेळी तोच शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकू?

रुग्णालयाआड अतिरेकी लपतात, असं मला सांगितलं जातं. लपत असतील तर तोही गुन्हाच आहे, नागरिकांना ढाल करणाऱ्याचा. त्याचीही सोय करारात आहे: कलम 19 वाचा. आधी इशारा, वाजवी मुदत, त्यानंतरच संरक्षण संपतं. आणि तेव्हाही खाटेवरचा रुग्ण माणूसच राहतो. कायदा करणारे भाबडे नव्हते. ते दुसरं महायुद्ध पाहून बसले होते, माझ्या धर्माच्या साठ लाख माणसांची राख त्यांच्यासमोर होती. हे करार आमच्या मेलेल्यांतून जन्मले आहेत. म्हणून ते मोडले जातात तेव्हा, कोणीही मोडो, मला ते घरातलं काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

भारताने काय केलं? 7 ऑक्टोबरलाच पंतप्रधानांनी इस्राएलच्या पाठीशी असल्याचं सांगितलं. मला त्या दिवशी बरं वाटलं. दोन आठवड्यांनी गाझासाठी औषधं आणि मदतसामग्री घेऊन विमान इजिप्तला गेलं. तेव्हाही बरं वाटलं. पण 27 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवतावादी युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. कारण दिलं ते असं की ठरावात हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट निषेध नाही. ते कारण मला पटलं होतं, खरंच. डिसेंबरमध्ये भारताने युद्धविरामाच्या बाजूने मत दिलं. आणि या 12 जूनला, उपासमार उघड दिसत असताना, 149 देशांनी युद्धविराम मागितला, ओलिसांच्या सुटकेची मागणी त्या ठरावात स्पष्ट होती, तरी भारत पुन्हा तटस्थ. मी एकतीस वर्षं मुलांना भारताचं परराष्ट्र धोरण शिकवलं. 1974 साली पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता, 1988 साली पॅलेस्टाइन राष्ट्राला, 1992 साली इस्राएलशी पूर्ण संबंध. दोघांशी नातं ठेवणारा देश दोघांना खरं सांगू शकतो, असं मी फळ्यावर लिहायची. आज तो धडा मला शिकवता येणार नाही.

त्याच देशाचे न्यायाधीश दलवीर भंडारी, जे एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहेत. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी बहुमताबरोबर इस्राएलविरुद्धच्या तात्पुरत्या आदेशांना पाठिंबा दिला, आणि स्वतंत्र निवेदनात सर्व पक्षांनी लढाई थांबवावी आणि ओलिसांना बिनशर्त सोडावं, असंही लिहिलं. मला हवं आहे ते एवढंच, आणि ते एका भारतीयाने लिहून ठेवलेलं आहे.

हे परदेशातलं युद्ध आहे, आपला काय संबंध, असं म्हणू नका. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही निदर्शनांची परवानगी मागणाऱ्यांना आधी आपल्या देशातले प्रश्न पाहा असं सुनावलं, तेव्हा मला वाईट वाटलं. 2024 च्या मे महिन्यात रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीत कर्नल वैभव काळे मारले गेले. भारतीय लष्करातून निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेले होते. गाडीवर खुणा होत्या. त्यांच्यावर पुण्यात अंत्यसंस्कार झाले. तुमच्यापैकी किती जणांनी सभागृहात विचारलं की गोळा कुणाचा होता, चौकशीचं काय झालं? आणि इथून तिकडे जाणाऱ्या शस्त्रांबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयाने गेल्या सप्टेंबरमध्ये फेटाळली, कारण परराष्ट्र धोरण न्यायालयाचा प्रांत नाही. मग तो सरकारचा आहे, आणि सरकारला जाब विचारणं तुमचं काम आहे.

1971 ची आठवण करून देते. 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपल्या छावण्यांत होते. पूर्व बंगालमध्ये त्यांच्या सैन्याने काय केलं होतं ते साऱ्या जगाला ठाऊक होतं, तरी आपण त्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवलं आणि परत पाठवलं. ढाक्यात शरणागतीची बोलणी करणारे मेजर जनरल जेकब ज्यू होते. मी हा धडा शिकवताना माझा आवाज दरवर्षी भरून यायचा.

इस्राएलच्या सरकारवर टीका केली तर आम्ही दुखावू, अशी भीती कुणाला असेल तर तीही सोडा. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांवर शंका घेतली, आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले. आमच्याच माणसांनी जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसून लढा दिला आणि 1964 साली तिथल्या संसदेकडून न्याय मिळवला. त्यांना कुणी इस्राएलचे शत्रू म्हटलं नाही. ताईच्या गावातले लोक आजही दर शनिवारी रात्री ओलिसांसाठी आणि युद्ध थांबवण्यासाठी चौकात उभे राहतात.

हिवाळी अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने, कोणत्याही पक्षाच्या, उभं राहून दोन वाक्यं बोलावीत. ओलिसांना सोडा. गाझाचं अन्नपाणी अडवू नका, रुग्णालयांवर मारा करू नका. दोन्ही एकाच भाषणात, मध्ये 'पण' न घालता. शक्य झाल्यास कर्नल काळे यांच्याबद्दलचा प्रश्नही विचारावा. यापूर्वी मी माझ्या मतदारसंघात दोन पत्रं दिली, पोचही मिळाली नाही. या वेळी उत्तर आलं तर ते कुठल्याही शुक्रवारी दुपारपर्यंत मिळावं. तिच्याकडे दिवे लागायच्या आत मला ते फोनवर वाचून दाखवायचं आहे.

आपली,
ठाण्यातली एक निवृत्त शिक्षिका