रोग्याला उपाशी ठेवून रक्ताचा कर्करोग मरत नाही

मध्यंतरी चाळिशीतले एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. थकवा, रात्री घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा. पोट तपासले तर पाणथरी बेंबीपर्यंत वाढलेली. रक्तात पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार. निरोगी माणसात त्या साधारण ४ ते ११ हजार असतात. मी चिठ्ठी लिहून त्यांना शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले. ते गेलेच नाहीत. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा वजन ५ किलोंनी उतरले होते. कोणा नातलगाने सांगितले होते, 'अन्न तोडा, म्हणजे कर्करोग उपाशी मरतो.' भाकरी, डाळ, दूध, गूळ सगळे बंद. दोन्ही वेळा फक्त दुधीचा रस.

मी रागावलो. त्यावर वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, परदेशातले डॉक्टरही असेच म्हणतात ना?"

तसे म्हणणारे एक मोठे डॉक्टर खरोखर होऊन गेले. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. त्या अडवल्या तर गाठ वाढू शकणार नाही. नवी वस्ती झाली की लोक पाण्याच्या जोडणीसाठी नगरपालिकेत अर्ज देतात, तसाच हा प्रकार. पेशींच्या या अर्जाचे नाव व्हीईजीएफ. हे एक प्रथिन आहे. ते जवळच्या रक्तवाहिनीला जाऊन चिकटले की तिला नवा फाटा फुटू लागतो.

वाचक विचारतील, ल्युकेमियाच्या पेशी तर रक्तातच पोहत असतात, त्यांना वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला? पण त्यांचे घर रक्तात नाही, हाडांच्या मगजात आहे. १९९७ साली फोकमन यांच्याच सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचा मगज तपासला, तेव्हा त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे दिसले. पुढे आणखी एक गोष्ट कळली. ल्युकेमियाच्या काही पेशी व्हीईजीएफ सोडतात आणि तो झेलणारे ग्राहकही त्यांच्याच अंगावर असतात. म्हणजे अर्जही आपणच द्यायचा आणि मंजूरही आपणच करायचा! या संदेशामुळे त्यांचे मरण टळते. शिवाय नव्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून वाढीला चालना देणारे इतर घटक पाझरतात, ते या पेशींना आणखी पोसतात.

या साऱ्यात आपल्या ताटातली भाकरी कुठे आली? ही पेशी जगते ती न थांबणाऱ्या संदेशांवर. रोग्याने जेवण सोडले म्हणून संदेश थांबत नाहीत. झिजतो तो रोगी. दुधीचे सोडाच, व्हीईजीएफला थेट पकडणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ पासून आतड्याच्या कर्करोगात वापरात आहे. तेच तीव्र मायलॉइड ल्युकेमियात केमोथेरपीला जोडून पाहिले, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जादा फायदा दिसला नाही. या रोगाला एक रस्ता बंद केला तर दुसरा सापडतो.

मात्र आमच्या रोग्याचा प्रकार वेगळा निघाला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. यात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचे सदोष प्रथिन तयार होते. वाढीच्या संदेशाचे बटण जणू चालू स्थितीत अडकून बसते. त्याच्याच जोरावर व्हीईजीएफही वाढतो. इमॅटिनिब हे औषध नेमके तेच बटण दाबून धरते. अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत सीएमएलच्या नव्या रोग्यांना ते दिले गेले, तिच्यात १० वर्षांनी शंभरातले सुमारे ८३ रोगी हयात होते. माझ्या शिक्षणाच्या काळात या रोगाचे नाव घेतले की आम्ही मान खाली घालत असू. या औषधाच्या सुधारित रूपाचे पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी त्यामुळे मिळत राहिली.

ही गोळी प्रत्येक ल्युकेमियावर चालत नाही. तीव्र प्रकारात तर तीन आठवडे वाया घालवणे जिवावर बेतते. कोणता प्रकार आहे हे तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून तर ती चिठ्ठी होती. पण मी नुसती चिठ्ठी दिली, तिच्यामागचे कारण पाच मिनिटे बसून सांगितले नाही. ते काम नातलगाने केले, चुकीचे का होईना. यात दोष माझाही आहे.

दुसऱ्या खेपेला मी तिघांनाही समोर बसवले, नातलगासकट. ते शहरात गेले, तपासणी झाली, ४०० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. परवा वहिनी विचारायला आल्या, "आता बरे वाटतेय, पाणथरीही उतरली. गोळी थांबवू का?" मी म्हटले, स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही, तज्ज्ञ सांगतील तेव्हाच. मग त्यांनी पथ्य विचारले. मी सांगितले, ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. भरल्या जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाणी पिऊन घ्यायची. नातलगाकडे पाहून वहिनी पहिल्यांदाच हसल्या.