दहावीचा निकाल आठवीत लागतो

बालमित्रांनो,

काय, फराळाचे डबे रिकामे झाले की नाही? सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं. आज तुम्हांला आमच्या गावाजवळच्या हायस्कुलाची गोष्ट सांगणार आहे. जून महिन्यात तिथे नव्या मुख्याध्यापिका आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

मी शिकवतो प्राथमिक शाळेत. सातवी झाली की आमची मुलं आठवीला त्या हायस्कुलात जातात. आजवर आमचं काम एवढंच, दाखला हातात द्यायचा आणि "नीट अभ्यास करा रे" म्हणायचं. पण मोठ्या बाईंनी जूनच्या शेवटी आसपासच्या प्राथमिक शिक्षकांना चहाला बोलावलं. म्हणाल्या, "मुलं तुमच्याकडून आमच्याकडे येतात, पण आपण कधी एकमेकांशी बोललोच नाही!"

चहा झाल्यावर त्यांनी एक वही पुढे केली. त्यांनी आठवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला दिलं होतं. मार्क नाहीत की रागावणं नाही. ज्यांना ते पान धड वाचता आलं नाही, त्यांच्या नावापुढे खूण होती. त्यांत आमच्या शाळेची चार मुलं निघाली.

एक नाव वाचून माझा चेहराच उतरला. हसरा मुलगा, कबड्डीत सगळ्यांच्या पुढे. पुस्तक समोर धरून तो धडा घडाघडा म्हणायचा आणि मला वाटायचं, काय छान वाचतो! अहो, पोरगं पाठ म्हणत होतं. मी कधी दुसरंच पान उघडून पाहिलं नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. तुम्हांला सांगायला लाज वाटते. पण तुम्हांला चुका कबूल करायला सांगायच्या आणि आपल्या झाकून ठेवायच्या, हे काही बरं नव्हे.

असं मूल हायस्कुलात गेल्यावर काय करतं? मागचा बाक धरतं. सर वाचायला उठवतील म्हणून पोटदुखीचं निमित्त काढतं. मग दांड्या सुरू होतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतलं दुपारचं जेवणही आठवीपर्यंतच. नववीत धडे अवघड, खिचडी बंद आणि घरच्या कामाला हात हवेच असतात. अशा वेळी दप्तर एकदा खुंटीला लागलं की लागलंच.

जुलैमध्ये पालकसभा झाली. मलाही बोलावणं होतं. एक पालक उठून म्हणाले, "बाई, गेल्या साली दहावीचा निकाल खाली आला. आधी तेवढं बघा. आणि गेटला रंग द्या, रस्त्यावरून शाळा उठून दिसायला नको का?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दहावीचे जादा तास होणारच. पण दादा, दहावीचा निकाल दहावीत नाही, आठवीत लागतो. ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, तो उत्तर काय लिहिणार?"

मग त्यांनी आपली यादी वाचली. पहिलं काम, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला आतून कडी. त्याशिवाय मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि काही जणी मधूनच घरी राहतात. दुसरं, ग्रंथालयाच्या कपाटाचं कुलूप काढायचं. पुस्तकं फाटली तर चिकटवू, पण वाळवीला खाऊ घालायची नाहीत. तिसरं, रोज पहिला अर्धा तास सगळ्या शाळेने वाचायचं. शिक्षकांनी, शिपाईकाकांनी आणि त्यांनी स्वतःसुद्धा. चौथं, ज्यांचं वाचन अडतं त्यांच्यासाठी रोज वेगळा तास, आणि त्यांना 'ढ' म्हणायचं नाही. गेटचा रंग पाचवा, तोही पैसे उरले तर!

"अभ्यास सोडून गोष्टी वाचत बसायचं का?" मागून कुणीतरी विचारलंच. मला तेव्हा आचार्य अत्रे आठवले. ज्यांच्या 'श्यामची आई' या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तेच अत्रे. ते पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे बरीच वर्षं मुख्याध्यापक होते. मुलांना गोडी लागेल अशी पाठ्यपुस्तकं हवीत म्हणून त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. गोडी लागली की अभ्यास मागोमाग येतो, हे त्यांच्यातल्या शिक्षकाने ओळखलं होतं. मी सभेत उठून हे सांगितलं. आणि माझी चूकही सांगितली. सभा जरा वेळ गप्प झाली.

तेव्हापासून दर बुधवारी आमची शाळा सुटली की मी सायकल काढून हायस्कुलात जातो आणि आमच्या त्या चौघांना घेऊन बसतो. दोघी आता बऱ्यापैकी वाचतात. एक जण दिवाळीआधीच आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. मोठ्या बाईंनी त्याच्या पिशवीत गोष्टींची दोन पुस्तकं घातली आणि हजेरीवरचं नाव तसंच ठेवलं. तो परत येईल का, ही काळजी आम्हां दोघांनाही आहे.

आणि आमचा कबड्डीपटू? गेल्या बुधवारी त्याने कधीही न पाहिलेलं एक पान वाचलं. बोट ठेवून, हळूहळू. चार ठिकाणी अडखळला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पाठ म्हणताना तो कधीच अडखळत नव्हता ना!

मुलांनो, तुमच्या वर्गातही असं कुणी असेल. त्याला हसू नका, त्याच्या शेजारी बसून एक पान वाचा. आणि आईबाबांनो, आज रात्री मुलाला पुस्तकातलं न शिकवलेलं पान उघडून द्या. अडखळला तर रागावू नका, पुढचा शब्द सांगा.

हायस्कुलाच्या गेटचा रंग अजून तसाच उडालेला आहे बरं का! पण मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसली आहे, आणि कपाटाचं कुलूप कुठे ठेवलंय, ते आता कुणालाच आठवत नाही.

तुमचे,
गुरुजी