समुद्र फुकट, खुर्ची महाग

जुलै उजाडला की इन्स्टावर एकच निळा रंग वाहायला लागतो. निळं पाणी, पांढऱ्या यॉट, पिवळसर भिंतींचं छोटंसं बंदर आणि लोकेशनमध्ये 'सेंट ट्रोपेझ'. खरा उच्चार सां-त्रोपे. 'एमिली इन पॅरिस'मधली एमिलीसुद्धा मैत्रिणींबरोबर तिथे जाऊन आलीच. मग कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी अशी एक रील टाकतं, खाली लिहितं, 'डिग्री झाली की इथेच!' आणि सगळे हार्ट टाकून मोकळे होतात.

स्वप्न बघायला काहीच हरकत नाही. पण तिथे आपण पैसे नेमके कशाचे मोजणार आहोत, हे आधी कळलेलं बरं. माझं मत सरळ आहे. सां-त्रोपेला संधी मिळाली तर जरूर जा, दिवसभर मनसोक्त फिरा आणि संध्याकाळी परत या. मुक्काम करू नका. आणि कर्ज काढून तर अजिबात जाऊ नका.

आधी हिशेब. एक युरो शंभर रुपयांचा धरू, म्हणजे गणित सोपं. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, म्हणजे ९ हजार रुपये. वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. फ्रान्ससाठी हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो खर्चायची ऐपत आहे, हे बँक स्टेटमेंटवर दाखवावं लागतं. म्हणजे हॉटेल बुक करूनही दहा दिवसांसाठी ६५ हजार रुपये खात्यात दिसायला हवेत. विमानाचं तिकीट वेगळंच. इथपर्यंतचा खर्च मात्र सगळ्यांना सारखा, मग तुम्ही मार्सेला जा नाहीतर सां-त्रोपेला.

खरा फरक पडतो तो पुढे. सां-त्रोपेच्या नावाजलेल्या हॉटेलांत जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीचं भाडं हजार युरोच्या वर जातं. म्हणजे लाखभर रुपये, एका रात्रीचे! आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात तेवढ्यात बीएच्या तीन वर्षांची फी भरून वर पैसे उरतील. पाँपलोन नावाच्या सुमारे पाच किलोमीटरच्या प्रसिद्ध बीचवर क्लबची गादीवाली खुर्ची दिवसभरासाठी घ्यायची, तर चाळीस-पन्नास युरो सहज जातात. जेवण, कॉफी, टॅक्सी सगळं त्याच पट्टीतलं.

आता प्रश्न असा, की या पैशांत जास्तीचं मिळतं काय? समुद्र तर तोच आहे. सां-त्रोपेचं पाणी आणि शेजारच्या सँत-माक्सीमचं पाणी एकाच आखातातलं. ऊन तेच, वाराही तोच. आणि यातलं बरंचसं कायद्यानेच फुकट आहे. फ्रान्समध्ये बीच सार्वजनिक असतो, पायी कुणीही जाऊ शकतं. नैसर्गिक बीचचा ८० टक्के भाग बांधकामापासून मोकळा ठेवावा लागतो. पाँपलोनवरचे बीच क्लब तर २०१८-१९मध्ये वाळूवरून हटवून, वाळूच्या टेकड्या वाचवण्यासाठी नव्याने मागे बांधायला लावले. समुद्राकाठच्या खासगी जमिनींतूनसुद्धा तीन मीटरची पायवाट लोकांसाठी सोडावी लागते. त्यामुळे गावातून निघून, भल्याभल्यांच्या बंगल्यांच्या कुंपणाला लागून, दहा-बारा किलोमीटर चालत तुम्ही थेट पाँपलोनला पोहोचू शकता. खर्च? पाण्याची बाटली आणि बरे बूट.

थोडक्यात, पैसे समुद्राचे नाहीतच. पैसे आहेत ते खुर्चीचे, आणि त्याहून जास्त, शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय याचे. आपण अशा ठिकाणी जे विकत घेतो, ते म्हणजे इतर लोकांचं तिथे नसणं. ज्याच्याकडे खरंच अमाप पैसा आहे त्याला हा सौदा परवडतो. आपल्याला परवडत नाही, आणि खरं तर त्याची गरजही नाही.

कारण या गावाचं मोठेपण श्रीमंतांनी आणलेलं नाही. सां-त्रोपे हे मच्छीमारांचं गाव. पॉल सिन्याक हा चित्रकार १८९२ मध्ये शिडाच्या होडीतून इथे आला आणि इथल्या उजेडाच्या प्रेमात पडून राहिला. त्याच्यामागून इतर आले, १९०४ च्या उन्हाळ्यात मातिस आला. १५ ऑगस्ट १९४४ ला दोस्त सैन्य या किनाऱ्यावर उतरलं, जाता जाता जर्मनांनी बंदर उडवून दिलं आणि गावकऱ्यांना ते पुन्हा उभारावं लागलं. मग १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोचा 'अँड गॉड क्रिएटेड वुमन' आला आणि जगभराची गर्दी इकडे वळली. म्हणजे आधी कोळी, मग कलाकार, मग कॅमेरा आणि शेवटी यॉट. ज्या गोष्टीसाठी सिन्याक थांबला, तो उजेड आजही फुकट आहे. त्याची आणि मातिसची चित्रं बंदराला लागून असलेल्या जुन्या चॅपेलमधल्या आनोन्सियाद म्युझियममध्ये तिकीट काढून बघता येतात. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी प्लास दे लीस या चौकात बाजार भरतो, एरवी तिथे चिनाराच्या सावलीत म्हातारे पेतांक खेळतात. लोखंडी गोळे फेकायचा हा खेळ बघायला कुणी पैसे मागत नाही.

आणि एक गोष्ट तर आपल्या देशाशी जोडलेली, जी रीलमध्ये कधीच दिसणार नाही. महाराजा रणजितसिंहांच्या फौजेतला प्रसिद्ध फ्रेंच सेनापती जाँ-फ्रांस्वा आलार हा याच गावचा, जन्म १७८५ चा. त्याची पत्नी बन्नू पान देई मूळची हिमालयातल्या चंब्याची. १८३५ मध्ये ती मुलांसह सां-त्रोपेला आली. आलार लाहोर दरबारात परतला आणि १८३९ मध्ये पेशावरला वारला. बन्नू मात्र १८८४ पर्यंत, मरेपर्यंत इथेच राहिली. त्यांचं घर आज एक महागडं हॉटेल आहे, नाव 'पान देई'. आत राहायला लाख लागतील, पण त्या गल्लीत उभं राहून एका भारतीय बाईच्या पन्नास वर्षांच्या परदेशातल्या आयुष्याचा विचार करायला काय लागतं?

यावर दोन आक्षेप येणार, माहितेय. पहिला: 'पैसेवाले येतात म्हणून गावातल्या लोकांची पोटं भरतात.' भरतात, खरंच भरतात. पण आज सां-त्रोपेची कायमची वस्ती चार हजारांच्याही आत आहे. हॉटेलांत जेवण वाढणारी, खोल्या आवरणारी मुलं, बरीचशी तुमच्याच वयाची, गावात भाडं परवडत नाही म्हणून बाहेरून, ट्रॅफिकमध्ये अडकत कामाला येतात. २०२३ मध्ये तर तिथल्या महापौरांनीच जाहीर तक्रार केली, की काही रेस्टॉरंट्स गिऱ्हाइकाने मागे किती खर्च केला ते बघून टेबल देतात, आणि त्यात स्थानिकांनाच जागा मिळत नाही. स्वतःच्या गावात जेवायला टेबल नाही! अलिबागच्या जमिनींचे आणि गोव्यातल्या आसगावच्या घरभाड्यांचे आकडे ऐकले, की ही गोष्ट फार लांबची वाटत नाही.

दुसरा आक्षेप: 'अरे, एकदाच तर जगायचंय!' मान्य. पण 'आत्ता फिरा, नंतर भरा' म्हणणारं ॲप या वाक्यावरच जगतं. १६ टक्के व्याजाने दोन लाख घेतले आणि दोन वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याला सुमारे ९ हजार ८०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे जवळपास ३५ हजार रुपये नुसतं व्याज. पहिल्या नोकरीच्या पगारातून हे जाणार. ती नोकरी आवडली नाही तरी सोडता येणार नाही, कारण हप्ता आहे. चार रात्रींच्या फोटोंसाठी दोन वर्षांचं स्वातंत्र्य गहाण टाकणं, याला जगणं म्हणायचं का?

मग जायचं कसं? सां-त्रोपेला रेल्वे स्टेशनच नाही, आणि हे आपल्या पथ्यावर आहे. मुक्काम सां-राफाएलसारख्या रेल्वे असलेल्या गावात करा. तिथून बस आहे. उन्हाळ्यात रस्ता तुंबतो, तेव्हा बोट बरी, साधारण तासाभरात पोहोचवते. जुलै-ऑगस्ट टाळा. मेमध्ये किंवा सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर गर्दी कमी, हवा छान. रेस्टॉरंटला बाहेर दर लावावेच लागतात, ते वाचल्याशिवाय बसू नका. जेवताना 'कराफ दो' मागा, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, तो फुकट द्यावाच लागतो. सर्व्हिस बिलातच धरलेली असते, टिप देण्याची सक्ती नाही. आणि बेकरीतून तार्त त्रोपेझिएन नावाचा क्रीमवाला केक घ्या, बंदरावर बसून खा. समोरच्या यॉटवाल्याला दिसतो तोच सूर्यास्त तुम्हालाही दिसेल.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असा असतो, जो बजेट बोललं जायला लागलं की गप्प होतो. दोन दिवसांनी लिहितो, 'घरी फंक्शन आहे, मला जमणार नाही, तुम्ही जा.' फंक्शन वगैरे काही नसतं, हे सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही. ट्रिप महाग होत जाते तशी माणसं गळत जातात. लाखाच्या खोलीत तीनच जण पोहोचले, तर त्या महागड्या गावाचा नियम आपण आपल्याच दोस्तांना लावला, असंच म्हणायचं. म्हणून प्लॅन ठरवताना जागा आधी ठरवू नका. ज्याचं बजेट सगळ्यात कमी, त्याला न लाजवता आकडा विचारा आणि तिथून सुरुवात करा. त्या आकड्यात भूमध्य समुद्र बसला तर उत्तमच. नाही बसला, तर गुहागरचा किनाराही आहेच, आणि तिथे सगळे येतील.