रसायनीचे घरगुती दफ्तर

पनवेलहून आपट्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील रसायनी हे नाव ज्या उद्योगामुळे रूढ झाले, त्याची सनावळी सरकारदरबारी नीट नोंदलेली आहे. औषधे आणि रंग यांच्या निर्मितीला लागणाऱ्या मूलभूत रसायनांसाठी देशाने आयातीवर विसंबू नये म्हणून केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे पाताळगंगेच्या परिसरात कारखाना आणि त्याला जोडून कामगारांची आखीव वसाहत उभी राहिली. मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, म्हणजे अग्निबाणातील इंधन जाळण्यास प्राणवायू पुरवणाऱ्या द्रव्याचा, विभाग इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. त्याच निर्णयाने ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्यास मान्यता मिळाली. ताळेबंदांत आणि मंत्रालयाच्या टिपणांत हे सारे सापडते. वसाहतीतले जगणे मात्र त्यांत सापडत नाही.

ते सापडते कामगारांच्या कपाटांत. क्षणजीवी मुद्रिते, म्हणजे एका प्रसंगापुरती छापलेली आणि प्रसंग सरताच टाकून द्यायची कागदपत्रे, अशा वसाहतींचे खरे दफ्तर असतात. पगारचिठ्ठीवरील कपातींतून पतपेढीचे कर्ज आणि घरभाडे कळते, गणेशोत्सवाच्या अहवालातून कार्यकारिणीत कोण होते आणि कोण नव्हते हे कळते, तर युनियनच्या पत्रकातून व्यवस्थापनाच्या अहवालाने गाळलेली बाजू कळते. त्याहून टिकाऊ साधन स्वयंपाकघरात आहे. मराठी घरांत भांड्यावर नाव, तारीख आणि प्रसंग कोरून घेण्याची रीत असल्यामुळे निवृत्तीला मिळालेला स्टीलचा डबा किंवा हळदीकुंकवाला वाटलेली वाटी हा दिनांकित लेखच ठरतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा इतिहास ज्यांनी ताम्रपटांवरून जुळवला, त्या अभ्यासकांच्या वारसांनी हे कोरीव लेख क्षुल्लक मानणे योग्य नव्हे.

या साधनांचा नाश जुन्या गावापेक्षा वसाहतीत लवकर होतो, कारण कंपनीचे घर नोकरीशी बांधलेले असते. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते आणि त्या आवराआवरीत कागद रद्दीत, तर भांडी मोडीत जातात. किर्लोस्करवाडीचे भाग्य असे की १९२० साली तेथे ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले आणि कारखान्याभोवतीचे जगणे छापील स्वरूपात उरले. जर्मनीत, पोलादाच्या कारखान्यासाठी १९५० साली वसवलेल्या आयझेनह्युटेनश्टाट या नगरात, पूर्व जर्मनीतील दैनंदिन वापराच्या वस्तूंचे संग्रहालय १९९३ मध्ये एका जुन्या पाळणाघरात सुरू झाले, आणि त्यातील बराच संग्रह लोकांनी घरांतून आणून दिलेल्या वस्तूंचा आहे.

पनवेल परिसरात असा संग्रह उभारण्यास भव्य वास्तूची गरज नाही. सार्वजनिक वाचनालयातील एक खोलीही पुरेल. वस्तू स्वीकारताना ती कोणत्या विभागातील कामगाराला, कोणत्या निमित्ताने मिळाली आणि घरात कशासाठी वापरली गेली, हे देणाऱ्याच्याच शब्दांत तेथल्या तेथे लिहून घेणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण डब्यावर कोरलेले नाव पुढच्या पिढीला वाचता येईल, पण तो कारखान्याच्या कोणत्या पाळीत जेवणासाठी उघडला जात असे, हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.